शेजारच्या घड्याळात किती वाजले?

नैरोबीत राहणाऱ्या माणसाला कंपाला किंवा अरुशा फारसं परकं वाटत नाही. गाडी रस्त्याच्या डावीकडूनच चालते, भिंतीत तीन भोकांचा इंग्रजी प्लगच बसतो, टपरीवर चपाती मिळते आणि सकाळचा चहा दुधाळच असतो. सरहद्दीपलीकडे नोटा बदलतात, इंग्रजीचा हेल बदलतो, केनियन माणसाची धसमुसळी स्वाहिली ऐकून टांझानियातले लोक गालात हसतात. संपलं. उत्तरेचा शेजारी मात्र असा हाताशी लागत नाही. नैरोबीहून अदिस अबाबा विमानाने दोन तासांवर आहे. तेवढ्या वेळात गाड्या उजवीकडून धावू लागतात, पाट्यांवरची लिपी बदलते, साल सात-आठ वर्षांनी मागे सरकतं आणि भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, लोक सांगतात की सहा वाजले.

माझ्या ओळखीच्या केनियन मंडळींत लंडन पाहिलेले पुष्कळ आहेत, दुबई पाहिलेले तर विचारूच नका. अदिसला विमान बदलण्यापलीकडे शहरात पाऊल टाकलेले मात्र थोडे. जे जाऊन येतात त्यांचं वर्णन बहुतेक एका वाक्यात आटोपतं: ते लोक वेगळेच आहेत. एवढ्या जवळच्या देशाबद्दल एवढं तोकडं वाक्य का पुरतं, हा प्रश्न मला कित्येक दिवस छळतो आहे. इथिओपिया केनियाहून वेगळा आहे याबद्दल वाद नाही. पण हे वेगळेपण कुठे बोचतं, का बोचतं आणि ते नेमक्या कुठल्या रेषेवर सुरू होतं, याबद्दल आपण सगळेच फार ढिलाईने बोलतो. 'आपण' म्हणताना त्यात आफ्रिकेत राहणारे आम्ही मराठी लोकही आलो.

पर्यटनाचा धंदा ज्याला संस्कृती म्हणतो ती तर अजिबात बोचत नाही. अदिसमधल्या 'कल्चरल' रेस्टॉरंटांत रात्री एस्किस्ता हा नाच होतो. पांढऱ्या सुती कपड्यांतली पोरं-पोरी खांदे असे उडवतात की हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी. दक्षिणेला ओमोच्या खोऱ्यात ओठात मातीची चकती घातलेल्या मुर्सी बायकांच्या फोटोचे पैसे मोजून घेतात. मासाई मारात उड्या मारणारे मासाई तरुण हा त्याच दुकानातला केनियन माल. यात पाहणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. खुर्चीत बसायचं, टाळ्या वाजवायच्या, पैसे द्यायचे आणि आपण जसे आलो तसेच हॉटेलवर परत जायचं. याला कुणी अनोळखी संस्कृतीचा अनुभव म्हणत असेल तर म्हणो. मला तो नाटकाच्या तिकिटाहून निराळा वाटत नाही. अनुभव सुरू होतो तो तारीख लिहिताना, वेळ ठरवताना, हाक मारताना आणि जेवायला बसताना. ज्या गोष्टी आपण घरी विचार न करता उरकतो त्याच तिथे हातातून निसटू लागतात, आणि समोरच्याला त्यात काही विशेष घडतंय याचा पत्ताही नसतो.

घड्याळच घ्या. इथिओपियात दिवसाची मोजणी पहाटेपासून होते. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक, दुपारचे बारा म्हणजे सहा, संध्याकाळी सहाला पुन्हा बारा, आणि मग रात्रीचा एक. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखीच असतात, त्यामुळे ही मोजणी अगदी सरळ आहे. मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना, नवा दिवस सुरू करण्यापेक्षा तर नक्कीच सरळ. बाहेरगावच्या बसच्या तिकिटावर 'अकरा' लिहिलेलं असलं तर पहाटे पाचला स्टँडवर हजर राहायचं असतं. परदेशी माणूस नाश्ता करून सावकाश पोहोचतो तेव्हा बस शंभरेक मैल गेलेली असते.

केनियन प्रवासी या घड्याळाची गंमत घरी येऊन रंगवून सांगतात. यातली खरी गंमत मात्र त्यांच्या लक्षात येत नाही. स्वाहिली घड्याळही नेमकं हेच आहे. नैरोबीतली भाजीवाली सकाळी आठला 'सा म्बिली' म्हणते, म्हणजे दोन. संध्याकाळी सातच्या स्वाहिली बातम्यांना लोक एकच्या बातम्या म्हणतात, आणि नऊला त्याच वाहिनीवर इंग्रजी बातम्या लागल्या की घड्याळ मुकाट्याने पुन्हा लंडनच्या हिशोबाने चालू लागतं. मनगटावर आठ दिसतात आणि तोंडातून दोन बाहेर पडतात. ही कसरत केनियन माणूस दिवसातून वीसदा करतो आणि त्याला ती जाणवत नाही. म्हणजे इथिओपियाच्या घड्याळात केनियन माणसाला नवं असं काहीच नाही. ही मोजणी भिंतीवर टांगलेली, तिकिटावर छापलेली, सरकारी कचेरीत चाललेली तो पहिल्यांदा पाहतो, आणि बिचकतो तो त्यामुळे. घरात, बाजारात बोलायची जी गोष्ट आहे ती शेजाऱ्याने कागदोपत्री मांडून ठेवली आहे. आमच्याकडच्या पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो, पण रेल्वेच्या वेळापत्रकात पंचांग शिरलं असतं तर आम्हीही असेच बिचकलो असतो.

हे असं का झालं याचं एक उत्तर आहे इथिओपियातल्या अदवाच्या डोंगरात. १ मार्च १८९६ रोजी सम्राट मेनेलिक आणि सम्राज्ञी तायतू यांच्या फौजांनी तिथे इटलीचा पराभव केला. इथिओपियाच्या दिनदर्शिकेत तो दिवस येकातित महिन्याची २३ तारीख, साल १८८८. पुढे १९३६ ते १९४१ अशी पाच वर्षं मुसोलिनीच्या फौजा देशात होत्या. त्यांच्या मागे माकियातो कॉफी राहिली, पास्ता राहिला, अदिसच्या बाजाराचं मर्काटो हे नाव राहिलं. पण वसाहतीचं शिक्षण, वसाहतीची कचेरी, वसाहतीचा कारकून पिढ्यान्‌पिढ्या बसावा एवढा काळ कुणाला मिळाला नाही. केनियात तो मिळाला, भारतात तर त्याहून किती जास्त. वसाहतीने लुटलं हे आपण नेहमी बोलतो. पण तिने एक सवयही लावली, परक्याला कळेल अशा भाषेत स्वतःला मांडायची. अर्जात आडनावाचा रकाना आहे? मग आडनाव तयार करा. साहेबाला महिना कळत नाही? मग त्याचा महिना वापरा. ही सवय इतकी मुरली की आज ती आपल्याला सवय वाटतच नाही. जगाची रीतच तशी असते असं वाटतं, आणि जो तसा वागत नाही तो तऱ्हेवाईक ठरतो.

इथिओपियाने स्वतःला मांडून दाखवायचे कष्ट फारसे घेतलेले नाहीत. तीस दिवसांचे बारा महिने, आणि शेवटी पागुमे नावाचा पाच-सहा दिवसांचा तेरावा. नवं वर्ष सप्टेंबरच्या ११ किंवा १२ तारखेला, पावसाळा सरून माळावर पिवळी फुलं येतात तेव्हा. चार वर्षांच्या फेऱ्यातलं प्रत्येक वर्ष मत्तय, मार्क, लूक, योहान या चौघांपैकी एकाच्या नावाचं. जगाने दोन हजार साल साजरं करून सात वर्षं उलटली तेव्हा, २००७ च्या सप्टेंबरात, अदिसमध्ये नव्या सहस्रकाचा जल्लोष झाला. आडनाव नाहीच. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, लागलंच तर आजोबांचं. पंतप्रधान अबी अहमद यांना 'अहमद' म्हणून हाक मारणं म्हणजे त्यांच्या वडिलांना बोलावणं. सदाशिवराव गणपतराव अशी नावं लिहिणाऱ्या मराठी माणसाला ही रीत चटकन उमगायला हवी. पण इमिग्रेशनच्या फॉर्मवर आडनावाच्या चौकटीत वडिलांचं नाव पाहिलं की तोही गोंधळतोच.

या सगळ्याला मी स्वाभिमान वगैरे म्हणून हार घालणार नाही. पुष्कळदा ती निव्वळ जुनी सवय असते, आणि विमान कंपन्या, हॉटेलं, आफ्रिकी संघाच्या मुख्यालयाची आमंत्रणं युरोपी तारीख-वेळच वापरतात. माझा मुद्दा पाहुण्याबद्दल आहे. केनियात, भारतात पाहुण्याला वाट काढून दिलेली असते, त्यामुळे आपण संस्कृती समजून घेतली असं त्याला स्वस्तात वाटू शकतं. इथिओपियात त्याला स्वतः मान वाकवून दारातून शिरावं लागतं.

जेवणात हे फार जवळून दिसतं. बुधवार-शुक्रवार, ईस्टरआधीचे पंचावन्न दिवस आणि इतर असे मिळून वर्षात दीडशेहून अधिक दिवस ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपवास असतो. मांस, दूध, लोणी, अंडं, काही नाही, आणि धार्मिक माणूस दुपारपर्यंत पाण्यालाही शिवत नाही. मराठी शाकाहारी पाहुणा मनातून खूश होतो. आधी कुणीतरी तांब्यातून हातावर पाणी घालतं. मग टेबलावर एकच मोठी परात येते, तिच्यावर परातीएवढी इंजेरा पसरलेली. तेफ हे खसखशीहूनही बारीक धान्य, त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून एकाच बाजूने भाजलेली ही आंबोळीच, फक्त हात-दीड हात रुंद, थंड आणि चांगलीच आंबट. वर मसूर, शिरो नावाचं पिठलं, पालेभाजी, बीट असे ढीग. सगळ्यांनी त्याच परातीतून उजव्या हाताने इंजेरा फाडून खायचं. इथवर ठीक चालतं. मग शेजारी बसलेला, सकाळीच ओळख झालेला गृहस्थ एक भलामोठा घास बांधतो आणि तुमच्या तोंडाजवळ आणतो. ही गुर्शा. आपल्याकडे घास भरवतात तो लेकराला, आजाऱ्याला, नाही तर लग्नाच्या पंगतीत नव्या नवरा-नवरीला. पन्नाशीच्या मिशीवाल्या हिशेबनिसाच्या हातून घास घ्यायला आपलं तोंड उघडता उघडत नाही. मी उघडलं. मान मागे गेली ती गेलीच. बुद्धीला सगळं मान्य असूनही शरीर अडतं, आणि अनोळखीपणा खरा भेटतो तो तिथे. नाच बघताना असं काहीच होत नाही.

संभाषणाचंही तसंच. समोरचा माणूस 'हो' म्हणायच्या ऐवजी एकदम श्वास आत ओढतो, घशातून हलकासा आवाज करत. नैरोबीच्या माणसाला वाटतं, याला धक्का बसला, आपण काही वावगं बोललो. तो बिचारा फक्त पुढे बोला म्हणत असतो.

आता कॉफी. हिच्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, कारण शेजाऱ्यांमधलं अंतर कोण मोजतं ते कॉफीइतकं स्वच्छ कशातच दिसत नाही. अराबिका कॉफीचं मूळ घर इथिओपियाच्या नैर्ऋत्येच्या जंगलांत, काफ्फाच्या परिसरात. केनियाची सरहद्द तिथून काही दूर नाही. पण केनियात लागवडीची कॉफी आली ती या सरहद्दीवरून नव्हे. इथिओपियातून ती येमेनला गेली, येमेनमधून फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली, आणि १८९३ च्या सुमारास फ्रेंच मिशनऱ्यांनी त्या बेटावरचं बी केनियात लावलं. शेजारच्या घरची वस्तू समुद्राला वळसा घालून, गोऱ्या हातांतून घरी आली. मग गोऱ्या मळेवाल्यांनी ती आपल्यापुरती राखली. आफ्रिकी शेतकऱ्याला १९३० च्या दशकापर्यंत कॉफी लावायची मुभाच नव्हती, आणि पुढेही १९५० च्या दशकापर्यंत ती मोजक्या भागांपुरतीच होती. चहा १९०३ साली भारतातून आला. परिणाम असा की केनियन शेतकरी आज जगातली नामांकित कॉफी पिकवतो आणि स्वतः दूध-साखरेचा चहा पितो. इथिओपिया मात्र आपल्या पिकातली जवळजवळ निम्मी कॉफी घरीच पिऊन टाकतो. फुटपाथवरसुद्धा बाई हिरवं गवत पसरते, ठेंगणी स्टुलं मांडते, कच्च्या बिया तव्यावर भाजून तो धूर पाहुण्याच्या नाकाजवळ फिरवते, आणि जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतून तीन फेऱ्यांत कॉफी ओतते: अबोल, तोना, बराका. पहिली पिऊन उठणं बरं दिसत नाही.

हे सगळं नैरोबीच्या माणसाला नवल वाटतं, कारण त्याचे रस्ते तिकडे गेलेच नव्हते. रेल्वे मोंबासा बंदराकडे गेली, शाळेची पुस्तकं लंडनहून आली, उत्तर केनिया तर ब्रिटिशांनी परवान्याशिवाय जाता येऊ नये असा बंद जिल्हा करून ठेवला. मार्साबित-मोयालेकडचे लोक नैरोबीला निघाले की 'केनियाला चाललो' म्हणायचे, हे केनियात सगळ्यांना ठाऊक आहे. इसिओलो ते मोयाले हा पाचशे किलोमीटरचा रस्ता डांबरी व्हायला गेलं दशक उजाडलं. ज्याच्याकडे जायला वाट नव्हती तो परका वाटतो यात संस्कृतीचा काय दोष?

मराठी माणसाच्या बाबतीत हे अंतर आणखी विचित्र आहे. इथिओपियात उपवासाच्या भाज्या ज्या तेलात करतात ते नूग या गळिताच्या बियांचं. नूग म्हणजे आपलं कारळं. त्याचं मूळ तिथलंच, आणि जगात ते मुख्यतः पिकतं दोनच देशांत, तिथे आणि भारतात. नाशिक-नगरच्या डोंगरपट्ट्यातल्या घरात कारळ्याची चटणी होते, अदिसच्या घरात मसूर फोडणीला पडतो. दोन्हीकडे बी तेच. माणसंही आली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला, १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. जंजिऱ्याचे सिद्दी तर शाळेतल्या इतिहासात पानोपानी भेटतात. चारशे वर्षं 'हबशी' हा शब्द तोंडात असलेल्या समाजाला हबसाण कुठे आहे, तिथे काय खातात, कुठली लिपी लिहितात हे सांगता येत नाही. आम्ही हबशी लढताना पाहिला, तो कुठून तुटून आला हे विचारलं नाही.

इथवर मी इथिओपिया, इथिओपिया असं म्हणत आलो, आणि इथेच या सगळ्या मांडणीत एक भोक आहे. घड्याळ, उपवास, लिपी, गुर्शा हे सगळं एका देशाची संस्कृती म्हणून पाहुण्याच्या हाती येतं खरं, पण त्यातलं बरंच उत्तरेच्या डोंगराळ, ख्रिश्चन, अम्हारिक बोलणाऱ्या इथिओपियाचं आहे. दक्षिणेचे प्रदेश मेनेलिकने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तलवारीने आणि बंदुकीने जोडले. कॉफीचं माहेर असलेलं काफ्फाचं राज्य १८९७ साली, म्हणजे अदवाच्या दुसऱ्याच वर्षी, त्याने बुडवलं. १९०७ साली ब्रिटिशांबरोबर बसून केनियाची सरहद्द ठरवणाराही तोच. परक्याला स्वतःचा अर्थ सांगायला नाखूश असलेल्या या राज्याने आपल्याच ओरोमो, सिदामा प्रजेला मात्र शाळेत, कोर्टात अम्हारिकमध्ये बोलायला लावलं. १९९१ नंतर ओरोमोंनी आपली भाषा लिहायला अम्हारिकची लिपी नाकारून रोमन अक्षरं घेतली. माझ्यासारख्या पाहुण्याला जी लिपी स्वतंत्र बाण्याची खूण म्हणून सुंदर दिसते, ती एखाद्या ओरोमो मास्तरला मालकाची लिपी वाटू शकते. अनोळखी संस्कृतीबद्दल भारावून बोलणाऱ्यांनी, ती कुणाची आणि कुणावर लादलेली, एवढं तरी विचारलं पाहिजे. भारावणं आणि हिणवणं या दोन्हींत विचारपूस वाचते, म्हणून ती सोपी जातात.

मोयालेला पोहोचलं की हा गुंता नुसत्या डोळ्यांनी दिसतो. गाव एकच, नाव एकच, मधून सरहद्द. अलीकडे बोराना लोक, पलीकडेही बोराना लोक. भाषा तीच, गुरं तीच. कॉफीची आख्खी फळं लोण्यात परतून केलेली बुना कला दोन्हीकडे खातात, आणि ती ना नैरोबीच्या चहासारखी ना अदिसच्या तीन फेऱ्यांसारखी. दर आठ वर्षांनी गुमी गायो ही बोरानांची महासभा इथिओपियाच्या बाजूला भरते आणि तिला केनियातले बोराना हजेरी लावतात. ज्या गदा या पारंपरिक राज्यपद्धतीत ती बसते तिला युनेस्कोने २०१६ साली वारसा म्हणून नोंदवलं, ते इथिओपियाच्या नावावर. मग नैरोबीहून निघालेल्या माणसाला अनोळखी संस्कृती कुठे लागली? पासपोर्टवर शिक्का बसतो तिथे तर नाहीच. ती मार्साबितच्या आधीच, त्याच्याच देशात, सुरू झालेली असते, आणि मोयाले ओलांडल्यावर शे-दोनशे किलोमीटर तशीच चालू राहते. पुढे डोंगर चढल्यावर दुसरी लागते.

व्यवहारी माणूस म्हणेल, एवढा खल कशाला, इथिओपियाने सरळ जगाची तारीख आणि जगाची वेळ घ्यावी, धंद्याला सोपं पडेल. हे म्हणणारे मला नैरोबीत बरेच भेटतात, विशेषतः केनियाच्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २०२२ मध्ये इथिओपियात सेवा सुरू केल्यापासून. त्यात तथ्य नाही असं नाही. दोन तारखांचा करार हा वकिलांच्या पोटापाण्याचा विषय आहे. पण दोन शेजाऱ्यांची बोलण्यातली वेळ आधीच एक असताना दोघांनी मिळून तिसऱ्याचं घड्याळ लावायचं, हा सल्ला मला जरा जास्तच आज्ञाधारक वाटतो. नैरोबीच्या एखाद्या बस कंपनीने तिकिटावर 'सा म्बिली' छापून पाहायला काय हरकत आहे?

मोयालेच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला हा वादच कळणार नाही. तिथे स्वाहिलीत, ओरोमोत आणि अम्हारिकमध्ये सकाळी आठला दोनच वाजतात. वेळ बदलते ती फक्त नैरोबीहून आलेल्याच्या फोनमध्ये. व्यापारी एका हाताने शिलिंग घेतो, दुसऱ्याने बिर देतो, ट्रक डावीकडून उजवीकडे कधी वळवायचा ते ड्रायव्हरला ठाऊक असतं, उधारीच्या वहीत दोन्ही सालं सुखाने नांदतात. त्याच्या तक्रारी वेगळ्या आहेत. २०२४ च्या जुलैत बिर बाजारभावावर सोडल्यानंतर तो इतका घसरला की पलीकडच्या गिऱ्हाइकाला केनियन माल परवडेना. २०२० च्या डिसेंबरात दोन्ही देशांच्या प्रमुखांनी येऊन एकत्रित सीमा-नाक्याचं उद्घाटन केलं, कागदपत्रांचा खेळ एका छताखाली आला. पण त्याला विचारायचं असतं ते हे, की त्या छताखाली साखरेच्या शंभर पोत्यांना किती दिवस बसावं लागेल.